तळहातावरचे चित्र, दिवाणखान्यातला पडदा

हातात मावणाऱ्या खेळयंत्राचे चित्र घरातील दूरचित्रवाणीवर पाहता यावे, ही इच्छा त्या यंत्रांइतकीच जुनी आहे. जेमतेम अडीच-तीन इंची काचेवर नजर रोखून एकट्याने खेळण्यात एक गंमत असते, हे खरे. पण तोच खेळ मोठ्या पडद्यावर आला की त्याला प्रेक्षक मिळतात, भावंडे शेजारी येऊन बसतात आणि वयोमानाने ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांनाही अक्षरे वाचता येतात. मागणी तशी साधीच. इकडेही पडदा, तिकडेही पडदा. मधे एक वायर जोडली की काम झाले, असे कोणालाही वाटावे.

प्रत्यक्षात मात्र या साध्या मागणीने तीन दशकांहून अधिक काळ अभियंत्यांना कामाला लावले आहे. काही यंत्रांना दूरचित्रवाणीशी जुळवून घेणे सहज जमते, काहींना ते अर्धवट जमते आणि काहींना मुळीच जमत नाही. विशेष म्हणजे बाहेरून पाहता हा फरक ओळखू येत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक दूरचित्रवाणीवर झळकते आणि दुसऱ्याच्या नावाने पडदा काळाच राहतो. वायर विकत आणल्यावर हे उमगते, तेव्हा पैसे खर्च होऊन गेलेले असतात. म्हणूनच त्यामागची कारणे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

दोन पडद्यांच्या दोन भाषा

जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे एका वेगवान किरणाची करामत. हा किरण पडद्याच्या डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ओळी ओढत जातो. भारतात स्वीकारलेल्या ‘पाल’ पद्धतीत अशा ६२५ ओळी असतात. आधी विषम आणि मग सम ओळी, असे अर्धे अर्धे चित्र सेकंदाला ५० वेळा रेखाटले जाते. जपान व अमेरिकेतील ‘एनटीएससी’ पद्धतीत ओळी ५२५ आणि अर्धचित्रे सेकंदाला सुमारे ६० असतात. ओळ कुठे संपली आणि चित्र कुठे सुरू झाले, हे सांगणाऱ्या खुणाही त्याच संकेतात मिसळलेल्या असतात. त्या खुणा चुकल्या की चित्र वाहू लागते किंवा तिरपे होते.

हातातल्या यंत्राचा द्रवस्फटिक पडदा, म्हणजे एलसीडी, या भाषेत बोलतच नाही. त्याचे पिक्सेल, अर्थात चित्राचे सुटे सुटे ठिपके, चिपला थेट जोडलेले असतात आणि कोणत्या ठिपक्याने किती गडद व्हायचे याचा हुकूम त्यांना आकड्यांच्या रूपात मिळतो. निन्टेन्डो कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये जपानात आणलेल्या गेम बॉयचा पडदा १६० × १४४, म्हणजे २३,०४० ठिपक्यांचा होता आणि प्रत्येक ठिपक्याला फक्त चार छटा ठाऊक होत्या. हा ठिपक्यांचा प्रवाह दूरचित्रवाणीला समजावून द्यायचा, तर तो आधी स्मृतीत साठवावा लागतो, दूरचित्रवाणीच्या गतीने पुन्हा वाचावा लागतो, मोठा करावा लागतो आणि त्यात ओळींच्या खुणा मिसळाव्या लागतात. थोडक्यात, दोघांमध्ये नुसती वायर पुरत नाही, दुभाषा लागतो.

हा दुभाषा यंत्राच्या आतच का बसवला नाही, याचे उत्तर त्या काळच्या अर्थशास्त्रात आहे. गेम बॉयची आखणी करणाऱ्या गटाचे प्रमुख गुन्पेई योकोई यांचा भर जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या तंत्रातून नवी वस्तू घडवण्यावर होता. चार साध्या पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालणारे यंत्र हवे, म्हणून त्यांच्या गटाने रंग सोडले आणि पडद्यामागचा दिवाही सोडला. जिथे दिव्यालाच जागा नव्हती, तिथे क्वचित लागणाऱ्या दूरचित्रवाणीच्या संकेतासाठी चिप आणि बॅटरी कोण खर्च करणार? या काटकसरीचे फळही मोठे मिळाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. पण त्या कोट्यवधी यंत्रांपैकी एकालाही दूरचित्रवाणीला जोडण्याचे भोक नव्हते.

पहिला तोडगा : पडद्याऐवजी यंत्रच हलवा

यावर १९९४ मध्ये निन्टेन्डोने काढलेला तोडगा मोठा मासलेवाईक होता. हातातल्या यंत्राचे चित्र बाहेर काढण्याऐवजी कंपनीने यंत्राचा गाभाच दूरचित्रवाणीपाशी नेला. ‘सुपर गेम बॉय’ नावाचे हे उपकरण दिसायला एका जाडजूड कार्ट्रिजसारखे होते. ते सुपर निन्टेन्डो या घरगुती यंत्रात खोचायचे आणि त्याच्या डोक्यावर गेम बॉयचे छोटे कार्ट्रिज लावायचे. आत गेम बॉयचा खराखुरा प्रोसेसर बसवलेला असे. खेळ तिथे चालायचा; त्याचे चित्र सुपर निन्टेन्डो उचलायचा आणि स्वतःच्या सरावाच्या भाषेत दूरचित्रवाणीला सांगायचा.

सुपर निन्टेन्डोचे चित्र २५६ × २२४ ठिपक्यांचे होते. त्यात गेम बॉयचे चित्र मधोमध ठेवले की चारही बाजूंना जागा उरे. ती काळी सोडण्याऐवजी तिथे नक्षीदार चौकट देण्याची सोय झाली आणि चार करड्या छटांच्या जागी निवडक रंग भरता येऊ लागले. १९९४ च्याच ‘डाँकी काँग’ या गेम बॉयवरील खेळाने ही सोय नेमकी हेरली. दूरचित्रवाणीवर हा खेळ लावला की भोवती खेळघरातल्या जुन्या उभ्या यंत्राची चौकट उमटत असे. अडचणीचे भूषण करावे, ते असे.

तरीही भाषांतरात थोडी गफलत राहिलीच. गेम बॉयच्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४१.९ लाख ठोके देते. सुपर गेम बॉयला स्वतःचे घड्याळच नव्हते; तो सुपर निन्टेन्डोच्या घड्याळाला पाचाने भागून आपले काम चालवी. जपानी व अमेरिकी यंत्रांत हा भागाकार सुमारे ४२.९ लाख येतो. परिणामी खेळ २.४ टक्के जलद धावे आणि संगीताची पट्टीही किंचित चढे. मूळ यंत्रावर एक मिनिट चालणारी धून इथे साडेअठ्ठावन्न सेकंदांतच आटोपे. बहुतेकांना हा फरक जाणवत नसे, पण सेकंदाच्या अंशावर विक्रम मोजणाऱ्यांसाठी तो मोठा होता. १९९८ मध्ये केवळ जपानात निघालेल्या ‘सुपर गेम बॉय २’ मध्ये स्वतंत्र घड्याळ बसवून ही चूक दुरुस्त करण्यात आली. दोन यंत्रे एकमेकांना जोडण्याचे भोकही त्यात देण्यात आले; पहिल्या आवृत्तीत ते नव्हते.

हाच मार्ग पुढे २००३ मध्ये ‘गेम बॉय प्लेयर’ने गिरवला. गेमक्यूब या घरगुती यंत्राच्या तळाशी हा चौकोनी ठोकळा बसवला की २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सचे आणि त्याआधीच्या गेम बॉयचेही खेळ दूरचित्रवाणीवर दिसत. याच्याही पोटात खरी चिप होती, नक्कल करणारी संगणकीय आज्ञावली नव्हती. मात्र सोबतची डिस्क गेमक्यूबमध्ये घातल्याखेरीज ठोकळा जागा होत नसे. आज जुन्या बाजारात असे ठोकळे डिस्कविना विकायला येतात, तेव्हा घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

लहान पडद्याला शोभणारे, मोठ्याला खुपणारे

चित्र मोठ्या पडद्यावर आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे खेळ लहान आणि सदोष पडद्यासाठीच रचलेले होते; पडद्याचे दोषही रचनाकारांनी हिशेबात धरले होते.

गेम बॉय ॲडव्हान्सचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या पडद्याला दिवा नव्हता. अंधूक पडद्यावर चित्र उठून दिसावे म्हणून अनेक खेळांतील रंग मुद्दाम भडक आणि उजळ ठेवले गेले. तेच रंग दूरचित्रवाणीवर आले की डोळ्यांत भरण्याऐवजी डोळ्यांना खुपू लागतात. दुसरे उदाहरण पारदर्शकतेचे. जुने द्रवस्फटिक पडदे संथ होते. एक चित्र पुसले जाण्याआधीच दुसरे उमटायचे. याचा फायदा घेऊन काही खेळांत सावली किंवा धूर एका चित्रात दाखवला जाई आणि पुढच्या चित्रात गाळला जाई. संथ पडद्यावर दोन्ही मिसळून अर्धपारदर्शक सावली दिसे. चपळ दूरचित्रवाणीवर मात्र ती सावली नुसती लुकलुकते.

काळाचाही मेळ बसत नाही. गेम बॉय सेकंदाला ५९.७३ चित्रे काढतो, तर एनटीएससी दूरचित्रवाणीला ५९.९४ हवी असतात. फरक नगण्य वाटतो, पण तो साठत जातो आणि दर चार-पाच सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावे लागते. एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या दृश्यात तेवढ्यापुरता बारीकसा हिसका जाणवतो. मोठा पडदा खेळाचे सौंदर्य वाढवतो तसे त्याचे सांधेही उघडे पाडतो, हे यावरून लक्षात यावे.

काळ्या चौकटीतले चित्र

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजेच पीएसपी, डिसेंबर २००४ मध्ये जपानात आले. ४.३ इंचांचा आणि ४८० × २७२ ठिपक्यांचा त्याचा रुंद पडदा तेव्हा थक्क करणारा होता. पहिल्या आवृत्तीत चित्र बाहेर पाठवण्याची सोय नव्हती. २००७ मध्ये आलेल्या सडपातळ पीएसपी-२००० आवृत्तीत ती प्रथमच दिली गेली आणि गोंधळालाही तिथूनच सुरुवात झाली.

कारण ही सोय दोन तऱ्हांची होती. छायाचित्रे, चित्रफिती आणि यंत्राची यादी साध्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीतूनही दूरचित्रवाणीवर जात. खेळांसाठी मात्र हिरव्या, निळ्या आणि लाल अशा तीन चित्रवायरी असलेली कंपोनंट जोडणीच लागे. तीही सम-विषम ओळींचे तुकडे न करता पूर्ण चित्र घेणाऱ्या संचावर. त्या काळी भारतातील अनेक घरांतील संचांना केवळ पिवळी जोडणीच होती. तिथे चित्रफीत दिसे, यादी दिसे, पण खेळ सुरू करताच काही दिसत नसे. यंत्र बिघडल्याची शंका येई. प्रत्यक्षात बिघाड कशातच नसे. २००८ च्या पीएसपी-३००० आवृत्तीने ही अट काढून टाकली आणि खेळही साध्या वायरीतून जाऊ लागले.

जोडणी जमली, तरी दुसरे आश्चर्य पुढे उभे असे. खेळाचे चित्र पडदा भरून न येता मधोमध, काळ्या चौकटीत दिसे. दूरचित्रवाणीकडे जाणारी चौकट ७२० × ४८० ठिपक्यांची आणि खेळाचे चित्र ४८० × २७२ चे. ते न ताणता जसेच्या तसे आत ठेवले जाई. हिशेब केला, तर चौकटीतील जेमतेम ३८ टक्के ठिपके खेळाच्या वाट्याला येतात. उरलेली काळी जागा ही वायरीची चूक नव्हे, तशी रचनाच आहे. संचातील ‘झूम’ची सोय वापरून चित्र मोठे करता येते, मात्र त्यात कडा कापल्या जातात का, हे पाहावे लागते.

पीएसपीचा पुढचा अवतार म्हणजे डिसेंबर २०११ चा प्लेस्टेशन व्हिटा. त्याचा पडदा ९६० × ५४४ ठिपक्यांचा आणि झळझळीत होता. पण चित्र बाहेर पाठवण्याची सोय मात्र पुन्हा काढून घेण्यात आली. त्याऐवजी सोनीने नोव्हेंबर २०१३ मध्ये जपानात व्हिटाचे खेळ चालवणारी, पडदाच नसलेली एक छोटी पेटी आणली. ती दूरचित्रवाणीला जोडायची. इथेही वीस वर्षांपूर्वीचाच मार्ग होता. चित्र नव्हे, यंत्र हलवायचे.

जिथे एक पडदा पुरत नाही

व्हिटाच्या त्या पेटीला एका निराळ्याच अडचणीने गाठले. व्हिटाच्या पुढच्या पडद्याला आणि मागच्या बाजूलाही स्पर्श कळत असे आणि काही खेळ त्या स्पर्शावरच बेतलेले होते. दूरचित्रवाणीला बोट लावून काही होत नाही. त्यामुळे व्हिटाचे अनेक खेळ या पेटीवर चालू शकले नाहीत. चित्र नेता येते, हात नेता येत नाही.

निन्टेन्डोच्या २००४ मधील डीएस यंत्रात तर दोन पडदे होते, एकाखाली एक, प्रत्येकी २५६ × १९२ ठिपक्यांचे, खालचा स्पर्शाचा. २०११ च्या थ्रीडीएसमध्ये वरचा पडदा चष्म्याविना खोली दाखवणारा होता. दूरचित्रवाणी एक, आडवी आणि सपाट. तिच्यावर हे दोन पडदे कसे मांडावेत? एकाखाली एक ठेवले तर दोन्ही बाजूंना जागा वाया जाते आणि चित्र लहान होते. शेजारी शेजारी ठेवले तर वरून खाली पडणारा चेंडू भलतीकडेच जातो. या दोन्ही यंत्रांना दूरचित्रवाणीची जोडणी दिली गेली नाही. ज्यांना थ्रीडीएसचे चित्र बाहेर हवे होते, त्यांनी यंत्र उघडून आत एक छोटा फलक डकवून घेण्याचा खटाटोप केला. पडद्यासोबतच एक पडदा हातातही देणाऱ्या वी यू या घरगुती यंत्रासाठी २०१४ पासून डीएसचे काही निवडक खेळ आले. दोन पडद्यांचा प्रश्न दोनच पडद्यांनी सुटला, असे म्हणावे लागेल. पण ते दुकानही मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद झाले आणि त्याच वेळी थ्रीडीएसचेही.

उलट दिशेचा प्रवास

सेगा कंपनीने १९९५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या नोमॅड यंत्राची कथा या साऱ्याच्या उलट आहे. नोमॅड हे मुळात हातात मावेल असे केलेले घरगुती यंत्रच होते. दूरचित्रवाणीवर चालणाऱ्या जेनेसिसची कार्ट्रिजे ते जशीच्या तशी चालवी. आतल्या चिपना दूरचित्रवाणीची भाषा जन्मजात येत असल्याने चित्र बाहेर पाठवण्याचे भोक देणे सोपे होते आणि ते दिलेही गेले. किंमत मात्र बॅटरीने मोजली; सहा पेन्सिल सेल भराभर संपत. गेम बॉयने बॅटरी वाचवून दूरचित्रवाणी गमावली, नोमॅडने दूरचित्रवाणी राखून बॅटरी गमावली. दोन्ही एकत्र साधायला आणखी वीस-बावीस वर्षे जावी लागली.

एक यंत्र, दोन घरे

ती सांगड ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलेल्या निन्टेन्डो स्विचने घातली. हे यंत्र प्रवासात हातात धरावे आणि घरी आल्यावर डॉक नावाच्या खाचेत उभे करावे. काही क्षणांत खेळ दूरचित्रवाणीवर येतो. १५ कोटींहून अधिक स्विच विकले गेले, यावरून ही कल्पना लोकांना किती भावली हे दिसते.

यामागचे तंत्र पाहण्याजोगे आहे. स्विचच्या तळाशी यूएसबी-सी जातीचे एकच भोक आहे. या जोडणीतील वेगवान तारांच्या जोड्या एरवी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. पण दोन्ही बाजूंची उपकरणे कबूल असतील, तर त्याच तारांतून डिस्प्लेपोर्ट पद्धतीचा चित्रसंकेत नेता येतो. डॉकमधील चिप त्या संकेताचे एचडीएमआय या दूरचित्रवाणीच्या सध्याच्या भाषेत रूपांतर करते. म्हणजे डॉक हा खेळ चालवत नाही. तो दुभाषा आहे आणि वीजपुरवठादारही.

वीज इथे कळीची ठरते. डॉकमध्ये बसल्यावर स्विच केवळ चित्र बाहेर पाठवत नाही, तर अधिक काम करतो. त्याचा स्वतःचा पडदा १२८० × ७२० ठिपक्यांचा. दूरचित्रवाणीवर तो १९२० × १०८० पर्यंत जातो. हे सव्वादोन पट ठिपके झाले. त्यासाठी चित्र रेखाटणाऱ्या भागाचा वेग, जो हातात असताना सहसा ३८४ मेगाहर्ट्‌झपर्यंत आवरून धरलेला असतो, तो ७६८ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढवला जातो. म्हणून कंपनीचा चार्जर १५ व्होल्ट आणि २.६ अँपिअर देतो. मोबाइलचा साधा चार्जर लावला, तर यंत्र कदाचित चार्ज होईल, पण चित्र दूरचित्रवाणीवर जाणार नाही. डॉक बिघडला, असा निष्कर्ष अनेकदा निघतो तो इथेच. २०१८ मध्ये यंत्राच्या आज्ञावलीची ५.० आवृत्ती आल्यानंतर इतर उत्पादकांच्या काही डॉकवर स्विच बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. विजेच्या वाटाघाटीत काटकसर केलेला डॉक स्वस्त असला, तरी महागात पडू शकतो.

सप्टेंबर २०१९ मधील स्विच लाइट ही आवृत्ती मात्र कायमची हातातलीच आहे. तिलाही तसेच यूएसबी-सी भोक आहे, पण त्यातून चित्र बाहेर जात नाही. कोणताही डॉक आणला तरी नाही. भोकाचा आकार सारखा असला म्हणून त्यातून वाहणारी गोष्ट सारखी असते असे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ओलेड पडद्याच्या आवृत्तीत दूरचित्रवाणीची सोय कायम राहिली. ५ जून २०२५ रोजी आलेला स्विच २ डॉकमधून चौपट बारकाव्याचे, म्हणजे फोर-के दर्जाचे चित्र देऊ शकतो आणि त्याच्या डॉकमध्ये थंड ठेवणारा पंखाही आहे. वाल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा २०२२ चा हातातला संगणक याच यूएसबी-सी मार्गाने दूरचित्रवाणीला जोडता येतो.

पूर्णांकांचे गणित

आजच्या दूरचित्रवाणीवर जुन्या यंत्राचे चित्र स्वच्छ दिसेल की फिसकटलेले, हे बरेचसे एका भागाकारावर अवलंबून असते. गेम बॉयच्या चित्रात १४४ ओळी आहेत. फुल एचडी संचाच्या १०८० ओळींना १४४ ने भागले, तर साडेसात येतात. म्हणजे एक ठिपका साडेसात ओळींवर पसरवावा लागतो. अर्धी ओळ रंगवता येत नाही. मग काही ठिपके सात ओळींचे आणि काही आठ ओळींचे होतात, किंवा कडा पुसट करून तडजोड करावी लागते. त्यापेक्षा सातपटच मोठे करून वर-खाली ३६-३६ ओळी काळ्या सोडल्या, तर चित्र रेखीव राहते. फोर-के संचावर मात्र २१६० भागिले १४४ बरोबर पंधरा येतात आणि प्रश्न आपोआप मिटतो. पीएसपीच्या २७२ ओळींची चौपट १०८८ होते. संचापेक्षा फक्त आठ ओळी जास्त.

डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ॲनालॉग पॉकेट या यंत्राने हे गणित आधीच सोडवून ठेवले. त्याचा पडदा १६०० × १४४० ठिपक्यांचा, म्हणजे दोन्ही दिशांनी गेम बॉयच्या बरोबर दहापट आहे. ते जुनी कार्ट्रिजे चालवते आणि स्वतंत्र डॉकमधून दूरचित्रवाणीलाही जोडता येते.

दिसते ते उशिरा दिसते

चित्र आले, स्वच्छही आले, तरी खेळताना हात चुकू लागतो. कारण उशीर. जुन्या नळीच्या संचावर संकेत आला की चित्र जवळपास तत्क्षणी उमटे. आजचा सपाट संच आधी चित्र साठवतो, मोठे करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. चित्रपट पाहताना हा विलंब कळत नाही. खेळात मात्र एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे असते. संचाने ५० मिलिसेकंद घेतले, तरी खेळाडू तीन चित्रे मागे राहतो. उडी मारण्याचे बटण वेळेवर दाबूनही पात्र खड्ड्यात पडते आणि दोष खेळाडूच्या माथी येतो.

यावर उपाय फुकटचा आहे. बहुतेक संचांच्या यादीत ‘गेम मोड’ असतो. तो निवडला की ही सारी सजावट बाजूला ठेवून संच चित्र लवकर दाखवतो. नव्या काही संचांत खेळयंत्र जोडताच हा मोड आपणहून सुरू होतो. बिनतारी पद्धतीने चित्र पाठवणारी साधने सोयीची असली, तरी त्यांत चित्र आवळणे, पाठवणे आणि उलगडणे असे तीन टप्पे वाढतात. कोडी आणि गोष्टीरूप खेळांना ती चालतील. चपळाईच्या खेळांना वायरच बरी.

खरेदीपूर्वी काय पाहावे

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राचा नेमका आवृत्ती क्रमांक. तो यंत्राच्या पाठीवर छापलेला असतो. पीएसपी-१००० असेल तर कोणतीही वायर उपयोगाची नाही. २००० असेल तर खेळांसाठी कंपोनंट वायर हवी. ३००० असेल तर दोन्ही चालतात. वायर जोडल्यावर पीएसपीच्या पडद्याखालचे चित्राचे बटण सुमारे पाच सेकंद दाबून धरावे लागते, तेव्हा चित्र संचाकडे वळते.

दुसरी गोष्ट, यूएसबी-सी वायर. काही वायरी केवळ चार्जिंगसाठी असतात. त्यांत चित्राच्या तारा नसतात. वेष्टनावर चित्रवहनाचा स्पष्ट उल्लेख असेल, तीच घ्यावी. तिसरी गोष्ट, संचाच्या पाठीमागची जोडणी. आजच्या अनेक नव्या संचांवर कंपोनंटची जागा उरलेली नाही, त्यामुळे जुन्या यंत्रासाठी एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी पेटी लागते. ती घेताना यंत्राचा संकेत स्वीकारते का, हे दुकानात जोडूनच पाहावे. चौथी, जुना ठोकळा किंवा डॉक घेताना त्यासोबतची डिस्क आणि मूळ चार्जर मिळतो का, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न हौसेपुरता नाही

हा सारा खटाटोप कशासाठी, असे विचारता येईल. त्याचे एक उत्तर काळ देतो आहे. जुन्या गेम बॉयच्या पडद्यांवर उभ्या रेघा गायब होऊ लागल्या आहेत, कारण काचेला जोडणाऱ्या पट्ट्या सुटत चालल्या आहेत. सेगाच्या १९९० च्या गेम गिअरमधील कपॅसिटर गळून यंत्रे मुकी आणि आंधळी होत आहेत. कार्ट्रिज शाबूत असते, चिपही शाबूत असते. फक्त दाखवणारी काच गेलेली असते. अशा वेळी चित्र दुसऱ्या पडद्यावर नेण्याचा मार्ग असेल, तरच तो खेळ पुढच्या पिढीला दिसतो.

कंपन्यांनाही हे उमगले आहे. निन्टेन्डोने फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या सशुल्क सेवेत गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सचे निवडक खेळ स्विचवर उपलब्ध केले आणि पर्यायाने ते दूरचित्रवाणीवर आले. पण ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणते खेळ निवडले जावेत, हे कंपनी ठरवते; आणि सेवा बंद झाली की तेही जातात. कपाटात पडलेले कार्ट्रिज आणि ते चालवून मोठ्या पडद्यावर दाखवणारे साधन ज्याच्यापाशी आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी बॅटरी वाचवण्यासाठी गाळलेले एक भोक आज इतके मोलाचे ठरावे, याची कल्पना तेव्हा त्याची आखणी करणाऱ्यांनाही नसेल.